उत्तर: उमेदवाराची पार्श्वभूमी म्हणजे नक्की काय?

नगरसेवकपदाच्या उमेदवाराचं शिक्षण आणि घराणं पाहिलं की पुरे, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. वल्लभभाई पटेलांचंच घ्या. १९१३ मध्ये इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन ते परतले, अहमदाबादेत वकिली उत्तम चालली होती. १९१७ मध्ये ते तिथल्या नगरपालिकेवर निवडून आले. पण त्यांचं मोठेपण पदवीत नव्हतं. स्वच्छता समितीची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि त्याच वर्षी शहरात प्लेग पसरला. लोक गाव सोडून जात असताना ते शहरातच राहिले, गटारं आणि सफाईच्या कामावर स्वतः लक्ष ठेवत राहिले. १९२४ ते १९२८ अध्यक्षपद त्यानंतरचं. (बारडोलीचा सत्याग्रह १९२८ चा, म्हणजे देशभर नाव होण्याआधी अशी अकरा वर्षं गेली होती!)

म्हणून माझा आग्रह आहे, उमेदवार आधी सदस्य राहिला असेल तर तो कोणत्या समितीवर होता, सभांना हजर होता का, कोणते प्रश्न विचारले, हे बघा. पालिकेच्या सभांची इतिवृत्तं माहिती अधिकार कायदा, २००५ खाली मागता येतात. आपल्या प्रभागापुरती तरी नक्की मागवा.