देवळात पैसे मागितल्याचे तुमचे अनुभव लिहा

या चैत्रात आईला घेऊन कुलदेवीला गेले होते. आईचं वय 82. विलेपार्ल्याहून कोकणात जायचं म्हणजे तिला मोठाच प्रवास, पण ओटी भरायचीच हे तिने धरून ठेवलं होतं. खण, नारळ, तांदूळ आणि रुमालाच्या गाठीत 101 रुपये. "हे माझ्या पेन्शनीतले, तुझे नाहीत," हे मला गाडीतच बजावून झालं होतं. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी तिने गाठ सोडली. पुजाऱ्यांनी नोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आजी, एवढ्यात काय होतंय? 2,100 ची पावती करा, वर्षभर नावाने अभिषेक लावतो." मागे रांग खोळंबलेली. मी जीपे केलं. खांबाजवळच्या डबीतून आकडा मोठ्याने ऐकू आला, आणि मगच ओटी देवीपुढे गेली.

परतीच्या गाडीत चिपळूण येईपर्यंत आई गप्प होती. मग म्हणाली, "देवीला कमी पडलं का गं?"

तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. देवळाला खर्च असतो हे मला कळतं. दिवाबत्ती, साफसफाई, नोकरांचे पगार, सगळं लागतंच. दर लिहिलेला फलक असेल, हातात पावती मिळत असेल, तर मी आनंदाने देते. पण हात जोडून डोळे मिटलेल्या माणसाला तिथेच गाठून मागायचं, हे मला सहन होत नाही. तुमचे अनुभव लिहा. चांगले असतील तर तेही लिहा. तक्रार असेल तर देवळाचं नाव नको, काय घडलं तेवढंच सांगा.

*

दादरहून

माझा अनुभव देवळाबाहेरचा आहे. मुंबईतलंच गर्दीचं देऊळ. फुलवाला म्हणाला, "ताई, चपला इथे काढा, पैसे नाहीत." परत आले तर, ताट घेतलं नाही म्हणून चपलांचे 50. पुढच्या वेळी मुकाट्याने ताट घेतलं: नारळ, दुर्वांची जुडी, जास्वंद, पेढ्यांचा लहानसा पुडा, 351 रुपये. सासूबाईंना नारळाच्या शेंडीला हळदीचा दोरा बांधायची सवय. नारळ आत दिला, दर्शन झालं, बाहेर येऊन चपला घालतेय तोवर मागच्या दाराने एक पोतं त्याच दुकानात आलं. वरच्याच नारळाला दोरा होता. सासूबाईंनीही पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत, पण आता घरून साखर घेऊन जातात आणि पेटीत स्वतःच्या हाताने पैसे टाकतात.

*

डोंबिवलीहून

मुलाचं लग्न जमत नव्हतं. कुणीतरी सांगितलं की एका तीर्थक्षेत्री जाऊन शांत करून घ्या. फोनवर 5,500 ठरले, "सगळं साहित्य धरून". आम्ही चौघं पहाटेच्या गाडीने पोचलो. यजमान ओल्या सोवळ्यात बसले, संकल्प सुटला, आणि मग एकेक सुरू झालं. चांदीची प्रतिमा वेगळी. वस्त्रदान वेगळं. गोप्रदानाऐवजी रोख. सहा ब्राह्मणांची दक्षिणा प्रत्येकी, आणि त्यातले दोघे तर मला शेवटी दक्षिणा घेतानाच दिसले. एकूण 17,000 च्या पुढे गेलं. अर्ध्यावरून उठायचं कसं? "विधी अपुरा राहिला तर दोष दुप्पट लागतो," असं गुरुजी शांतपणे सांगत होते. माझ्या मते यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही भीतीच. पैसे पुन्हा मिळवता येतात. पण पुढची दोन वर्षं घरात काहीही बिनसलं की यजमानांच्या मनात येई, त्या दिवशी आपण एका दानाला घासाघीस केली, त्याचंच हे फळ. मुलाचं लग्न पुढे यथावकाश झालं.

*

बोरिवलीहून

थोडक्यात लिहितो. पाच वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन तीन तास दर्शनबारीत होतो. दर दहा मिनिटांनी बाजूचा दोर उचलला जाई आणि पासवाले पुढे जात. मुलीने विचारलं, "बाबा, ते देवाचे पाहुणे आहेत का?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

*

गिरगावहून

मी स्वतः देवळात पूजेला आहे, 31 वर्षं झाली. वरचं सगळं वाचलं. डोंबिवलीच्या ताईंना जे भोगावं लागलं त्याची मला लाज वाटते. पण आमची बाजूही मांडायला हवी. आमच्या न्यासाने अभिषेकाचे 751 केले, त्यातले माझ्या हाती 60 येतात. पगार 11,000. पहाटे साडेचारला काकडआरती, रात्री साडेदहाला शेजारती. एवढ्यात मुंबईत घर चालत नाही. मग तबकात काय पडतं तिकडे नजर जाते, खोटं कशाला बोलू? कितीतरी क्षेत्रांत पुजाऱ्यांच्या पाळ्या असतात. ज्याची पाळी त्याचं त्या दिवसाचं ताट. वर्षातून मोजके दिवस वाट्याला येतात, त्यांवर वर्ष काढायचं असतं. म्हणून त्या दिवशी माणूस हात पसरतो. मी कुणाला गाभाऱ्यात मागितलेलं नाही, माझ्या वडिलांची ताकीद होती. पण पुजाऱ्याला पुरेसा पगार द्या आणि तबक उचलून ठेवा, हे मी न्यासाच्या बैठकीत दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा विषय पुढे ढकलला गेला.

*

वडाळ्याहून

गुरुजी, तुम्ही हे लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या घरी तीन पिढ्या वारी आहे. पंढरपुरात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे पिढीजात हक्क काढणारा कायदा 1973 चा. पण प्रकरण न्यायालयात अडकलं आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो 2014 मध्ये. म्हणजे चाळीस वर्षं गेली. आजोबा म्हणायचे, विठोबाच्या पायांवर डोकं ठेवताना खिशावर हात ठेवावा लागतो. ते निकाल बघायला राहिले नाहीत. 2014 च्या आषाढीला वडील गेले आणि रिकाम्या हातांनी दर्शन घेऊन आले. आल्यावर आजोबांच्या फोटोसमोर बराच वेळ बसले होते.

*

ठाण्याहून

मी न्यासांचे हिशेब तपासते, म्हणून उपयोगाचं तेवढं सांगते. देवळाचा न्यास नोंदलेला असेल तर त्याला 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावे लागतात. आपण अर्ज करून त्यांची नक्कल मागू शकतो. पावतीवर न्यासाचं नाव आणि नोंदणी क्रमांक पाहा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर खातं कुणाच्या नावाचं दिसतं तेही बघा. एका व्यक्तीचं नाव आलं तर तो पैसा देवस्थानात जातोय असं धरून चालू नका.

*

लालबागहून

मला चांगला अनुभव लिहायचा आहे. बाबांना परळच्या कॅन्सर रुग्णालयात दाखल केलं तेव्हा हातातले पैसे दुसऱ्याच महिन्यात संपले. रुग्णालयातल्या समाजसेविका बाई म्हणाल्या, प्रभादेवीला सिद्धिविनायक न्यासाकडे अर्ज करा. रेशनकार्ड, खर्चाचा अंदाज, डॉक्टरांचं पत्र जोडलं. कुणी ओळख विचारली नाही. मदतीचा चेक थेट रुग्णालयाच्या नावाने गेला. बाबा पुढे दीड वर्ष होते. पूर्वी मी त्या पेटीत पैसे टाकायचो तेव्हा ते कुठे जातात याचा कधी विचार केला नव्हता. आता मंगळवारी पेटीसमोर उभा राहिलो की माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या कुणाच्या तरी घरी आजारपण असेल असं मनात येतं, आणि हात सढळ होतो.

*

पुन्हा विलेपार्ल्याहून

सगळे अनुभव आईला वाचून दाखवले. लालबागचा अनुभव तिने दोनदा वाचायला लावला. गिरगावच्या गुरुजींना तिने नमस्कार सांगितला आहे.

आमच्या देवीचा न्यास रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणून हिशेबाच्या नकलेसाठी तिथल्या धर्मादाय कार्यालयात अर्ज पाठवतेय. ठाण्याच्या ताईंनी मसुदा बघून दिला. मी माझं नाव घातलं होतं, आईने ते खोडायला लावलं. "ओटी माझी होती," म्हणाली. सही तिनेच केली आहे. उत्तर आलं की इथे लिहिते.