शब्द जड नको, हाताला लागणारा हवा

दर आठवड्याला एक शब्द द्यायचा आणि त्यावर सगळ्यांनी काहीतरी लिहायचं, या आपल्या खेळासाठी 'एकांत', 'अस्तित्व' असे शब्द सुचवले गेले आहेत. मला ते पटत नाहीत. असा शब्द दिला की सगळ्यांचं लिखाण एकसारखं गंभीर होतं आणि खेळ संपतो. सांगलीत आम्ही काही जण शनिवारी जमतो, तिथे वस्तू डोळ्यांपुढे उभी करणारा शब्दच काढतो.

मागे 'पेव' दिला होता, म्हणजे जमिनीखालचं साठवणीचं खोल कोठार. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं इथे सगळ्यांना माहीत. २००५च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. नववीतल्या एका मुलीनं पेवात शेजारी-शेजारी पडलेल्या दोन हळकुंडांचं भांडण लिहिलं: आधी वर कोण जाणार आणि लग्नाची हळद कोणाच्या नशिबात! काय रंगवलं होतं! दुसऱ्यानं अफवांचं पेव फुटल्यावर त्या गोळा करून पोत्यात भरणारा हमाल उभा केला. 'एकांत'वर हे सुचलं असतं?

शब्दाबरोबर एखादी अट जरूर घाला. दिलेला शब्द लिखाणात एकदाही येऊ द्यायचा नाही, ही आमची आवडती. बंधनानं कल्पना आटते असं या चर्चेत कोणीतरी म्हटलंय, पण शेवटची ओळ देऊन श्लोक पुरा करायला लावणारी समस्यापूर्ती आपल्याकडे जुनीच आहे. पॅरिसमध्ये १९६० साली सुरू झालेला 'उलिपो' हा लेखक-गणितज्ञांचा गटही मुद्दाम अटी घालूनच लिहितो.

पुढच्या आठवड्यासाठी माझ्याकडून 'सुतळी'. अट एकच, गाठ हा शब्द वापरायचा नाही.