घरचा चॉकलेट केक अधिक पौष्टिक करताना आलेले अनुभव

घरी केलेला चॉकलेट केक थोडा अधिक पौष्टिक व्हावा, म्हणून आपल्यापैकी अनेकांनी साखर कमी केली असेल, मैद्याऐवजी कणीक घेतली असेल किंवा लोणी वगळून फळांचा गर घातला असेल. त्यातले काही केक सुरेख जमले असतील, तर काही कोरडे, चिवट किंवा मधोमध बसलेले निघाले असतील. मला हे दोन्ही अनुभव हवे आहेत. पाककृती पुष्कळ मिळतात. पण कोणता जिन्नस काढल्यावर नेमके काय बिघडले आणि ते कशाने सावरले, हे फारसे कोणी लिहीत नाही. शक्यतो प्रमाण ग्रॅममध्ये द्यावे, कारण पीठ कपात चमच्याने भरले की कप पिठात बुडवून घेतले, यावर त्यात १२० ग्रॅम बसेल की १५० ग्रॅम, हे ठरते.

सुरुवात मी करते. मूळ कृतीत २०० ग्रॅम साखर होती. मी उत्साहाच्या भरात एकदम ८० ग्रॅमवर आले. केक फुगला, पण वरून फिकट राहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा घास घशाखाली उतरेना. साखर केवळ गोडीसाठी नसते, हे तेव्हा कळले. ती पाणी धरून ठेवते, ग्लुटेनची, म्हणजे गव्हाच्या पिठातल्या चिवट प्रथिनाची, जाळी फार घट्ट होऊ देत नाही आणि पिठातला स्टार्च जरा उशिरा घट्ट होऊ देते, त्यामुळे केकला फुगायला वेळ मिळतो. त्यानंतर मी दर वेळी थोडी थोडी कमी करत गेले. १५० ग्रॅमला घरात कोणाच्या लक्षातही आले नाही. १४० ग्रॅमला चिमूटभर मीठ आणि थोडे जास्त व्हॅनिला घालावे लागले. त्याखाली मात्र केक कोरडा होऊ लागला, म्हणून मी तिथेच थांबले.

*

साखर काढून मध घातला म्हणजे केक पौष्टिक झाला, असे मी दोन वर्षे मानत होतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची मार्गदर्शक तत्त्वे वाचली, तेव्हा मधसुद्धा मर्यादा घालून दिलेल्या साखरेतच मोजला जातो, हे समजले. अशी साखर दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांखाली, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅमपर्यंत, आणता आली तर अधिक चांगले, असे त्यात म्हटले आहे. आता मी बिया काढलेला २०० ग्रॅम खजूर गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवून वाटून घालतो. त्यातून तंतुमय भाग तरी पोटात जातो. पण गोड ते गोडच, त्यामुळे पूर्वी ज्या केकचे आठ तुकडे करायचो त्याचे आता सोळा करतो. हा केक हलका होत नाही, ओलसर आणि भरीव होतो. १८० अंशांवर त्याच्या कडा करपल्या आणि मधला भाग कच्चा राहिला, म्हणून आता १६५ अंशांवर जास्त वेळ भाजतो.

*

माझा अनुभव बिटाचा आहे. सालीसकट उकडलेले २५० ग्रॅम बीट सोलून, वाटून मिश्रणात घातले, तेव्हा भांड्यात गडद किरमिजी रंग उसळला आणि मुले ओट्याभोवती जमली. भाजल्यावर तो रंग तपकिरी झाला. त्याची हळहळ मुलांना अधिक वाटली. मातीसारखा वास मात्र पहिल्या केकमध्ये स्पष्ट जाणवत होता. तो जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि आम्लामुळे ते द्रव्य मोडते. त्यामुळे आता मी वाटतानाच एक मोठा चमचा लिंबाचा रस घालते.

बीट आहे म्हणून एकदा तेल पूर्ण वगळले. केक रबरासारखा झाला आणि सुरीला चिकटून ओढला जाऊ लागला. तेल पिठाच्या कणांवर थर देऊन ग्लुटेनला आवरते. ते काम बिटाच्या गराला जमत नाही. १२० मिलिलिटरऐवजी ६० मिलिलिटर तेल घातले की काम भागते.

*

कणकेबद्दल थोडक्यात लिहितो. कोंडा पाणी सावकाश पितो. त्यामुळे कणीक आणि दूध आधी कालवून वीस मिनिटे झाकून ठेवावे, दोन मोठे चमचे दूध जास्त घ्यावे आणि बेकिंग पावडर अगदी शेवटी मिसळावी. पहिल्या खेपेस अर्धा मैदाच ठेवावा.

*

कोकोविषयी अद्याप कोणी लिहिले नाही आणि मला तर तोच मुख्य मुद्दा वाटतो. साधी कोको पावडर आम्लधर्मी असते, त्यामुळे तिच्यासोबत खायचा सोडा चालतो. डच पद्धतीच्या कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केलेली असते. ती गडद आणि सौम्य लागते, पण सोड्याला लागणारे आम्ल तिच्यात नसते. मी नकळत पावडर बदलली, सोडा तोच ठेवला, आणि केक बसका झाला व त्याला साबणासारखी चव आली. त्या पावडरीसोबत बेकिंग पावडर वापरावी. या प्रक्रियेत कोकोतील फ्लॅव्हनॉल, म्हणजे आरोग्याला उपयुक्त मानली जाणारी द्रव्ये, बरीच घटतात, हेही पौष्टिकतेचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. दुसरी गोष्ट म्हणजे ५० ग्रॅम कोकोवर १२० मिलिलिटर उकळते पाणी ओतून पाच मिनिटे ठेवावे. स्वयंपाकघरभर दरवळ पसरतो आणि चॉकलेटची चव इतकी खुलते की कमी साखर खटकत नाही.

*

आईला मधुमेह असल्याने मी निम्मी साखर काढून एरिथ्रिटॉल हा साखरेचा पर्याय घातला होता. जिभेला विचित्र गारवा जाणवला आणि दुसऱ्या दिवशी केकमध्ये दाताखाली खडे कचकचले. आई म्हणाली, "मला नेहमीचाच दे, पण लहान तुकडा दे." डॉक्टरांना विचारून आता तो तुकडा तिच्या जेवणाच्या हिशेबात धरतो. लोणी-साखरेचे आइसिंगही बंद केले. १०० ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून त्यात पाणी काढून घट्ट केलेले दही तेवढ्याच वजनाचे घेऊन फेटतो. दही फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढावे. गार दही पडताच माझे चॉकलेट दोनदा गुठळ्या होऊन घट्ट झाले आहे.