मदत हवी आहे: रॉकेल-पाण्याचा थर फुटतच नाही, धरतंय कोण?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नाना पेठेतल्या एका गॅरेजच्या दारातली, इंजिन ऑइल मुरून काळी पडलेली माती आणली आणि तिच्यातून एक जिवाणू वेगळा केला. ग्राम निगेटिव्ह, आखूड दांडी. नाव अजून लागलेलं नाही.

२ मिली कल्चर (द्रवात वाढवलेला हा जिवाणू), २ मिली रॉकेल, २ मिनिटं व्हॉर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणं), मग २४ तास स्टँडवर. एकूण ३४ मिमी उंचीत १९ मिमी दुधट थर, म्हणजे ई-२४ (२४ तासांनी एकूण उंचीत दुधट थराचा वाटा) साधारण ५६ टक्के. आज पाचवा दिवस, थर हललेला नाही. रूममेट म्हणते, "ताक घुसळतेस का?" अगं, ताक घुसळलं की लोणी सुटतं तरी!

पण कल्चर सेंट्रिफ्यूज करून नुसतं सुपरनॅटंट (पेशी तळाशी बसल्यावर वर उरलेला द्रव) घेतलं की थर जेमतेम ४ मिमी. ड्रॉप कोलॅप्समध्येही (थेंब पसरतो का, हे बघायची चाचणी) पॅराफिल्मवर थेंब गोलच्या गोल बसून राहतो. मॅडम म्हणतात, थेंब पसरत नाही म्हणजे बायोसर्फॅक्टंट (जिवाणूनं बनवलेला साबणासारखा पदार्थ) नाही, दुसरा आयसोलेट घे. सबमिशनला तीन आठवडे उरलेत आणि मला हा सोडवत नाहीये. पेशी स्वतःच तेलाला चिकटून थर धरत असतील का? ते दाखवायचं कसं? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
प्लेट टाकून देऊ नका! पृष्ठताण उतरवणं वेगळं आणि इमल्शन (तेल-पाण्याचं दुधट मिश्रण) टिकवणं वेगळं. सरफॅक्टिन हे बायोसर्फॅक्टंट पाण्याचा ताण ७२ वरून २७ मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत आणतं. तसलं काही तुमच्याकडे नाही, थेंबावरून एवढंच कळतं. अ‍ॅसिनेटोबॅक्टर आरएजी-१ या जिवाणूचं इमल्सन नावाचं द्रव्य ताण फारसा उतरवत नाही, पण तेलाच्या थेंबांवर पापुद्रा धरून त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. नुसते बारीक कणही थेंबांना वेढून असंच करतात. रॅम्सडेन (१९०३) आणि पिकरिंग (१९०७) यांनी ते तेव्हाच दाखवलं. पेशी म्हणजे तसेच कण धरा.

पेलेट (सेंट्रिफ्यूजमध्ये तळाशी बसलेल्या पेशी) फॉस्फेट बफरने दोनदा धुवा, मूळच्या आकारमानाइतक्याच बफरमध्ये मिसळून ई-२४ घ्या. तुलनेला कोऱ्या बफरचा कंट्रोल हवाच. मग थराचा थेंब वेट माउंट करून (काचपट्टीवर ओलाच ठेवून) ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली बघा. कव्हरस्लिप दाबू नका, थेंब फुटतात.

प्रतिसाद २
एक मेख आहे. धुतलेल्या पेशींवर आवरण शिल्लक राहू शकतं. आरएजी-१ मध्येही इमल्सन आधी पेशीवरच असतं, वाढ थांबत आली की सुटतं. त्यामुळे कल्चर आणखी दोन दिवस ठेवून सुपरनॅटंट पुन्हा तपासा. तेव्हा थर वाढला, तर काम पेशींचं नाही, त्यांच्या अंगावरून सुटलेल्या मालाचं.

धागाकर्ती
धुतलेल्या पेशींचा थर १७ मिमी!! कोरा बफर तासाभरात फुटला. मायक्रोस्कोप उद्या तीननंतर मिळेल, तोवर सीनियर त्याला चिकटून बसलाय. जुन्या कल्चरचा फ्लास्क आत्ताच शेकरवर ठेवून आले.