सकाळची बस आणि नेहमीचे सहप्रवासी: तुमचे अनुभव लिहा

रोज एकाच वेळेची बस पकडणाऱ्यांना एकमेकांची नावं माहीत नसतात. पण कोण कुठल्या थांब्यावर चढतं, कोणाला उभ्याउभ्या डुलकी लागते, कोण दारातून हलत नाही, हे सगळं पाठ असतं. या अर्धवट ओळखीतून काही नियम आपोआप तयार होतात. तुमच्या बसमधले असे नियम वाचायचे आहेत. 'जागा दिली, छान वाटलं' एवढ्यावर थांबू नका, नेमकं काय घडतं ते लिहा. कुरकुरही चालेल.

सुरुवात मी करते. आमच्या बसमध्ये एका काकांना गाडी लागते. मागच्या चाकांच्याही मागे बसलं की हादरे जास्त बसतात आणि आडव्या बाकावर तर त्यांची वाटच लागते. एकदा त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहून पुढच्या सीटवरच्या बाईंनी त्यांना बोलावलं, "इथे बसा, लांब रस्त्यावर नजर ठेवा." तेव्हापासून ते चढले की पुढचं कुणीतरी उठतं. काका "नको, नको, बसा तुम्ही" म्हणतात आणि बसतात. हे 'नको, नको'सुद्धा रोजचंच.

सॅकवाला
आमच्याकडे चढताना पायरीवरच सॅक पाठीवरून उतरवायची पद्धत पडली आहे. कुणी फलक लावला नाही. पाठीवरची सॅक वळताना कोणाच्या तोंडाला लागते हे वळणाऱ्याला कळतच नाही, ज्याला लागते तो तेवढा वैतागतो. बसलेले लोक उभ्यांची ओझी मांडीवर घेतात. न विचारता हात पुढे येतो. आपण फक्त "आडवी करू नका, सांडेल" एवढं सांगायचं.

पांढरी काठी
मला दिसत नाही. मदत करणारे खूप भेटतात, पण बरेच जण दंड धरून मला पुढे ढकलतात. त्यापेक्षा मला त्यांचं कोपर धरू दिलं तर ते माझ्या अर्धं पाऊल पुढे राहतात आणि त्यांच्या चालीवरून मला पायरी कळते, वळण कळतं. नेहमीच्या बसमध्ये एका मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, "कोपर देऊ का?" तिचं बघून बाकीचेही तसंच करायला लागले. "ही बघा जागा" म्हणण्याऐवजी ते माझा हात सीटच्या पाठीवर टेकवतात. पाठ सापडली की पुढचं माझं मी बघतो. (काठी मात्र काढून घेऊ नका हो, कितीही अडचण होत असली तरी.)

नवी प्रवासी
सगळं गोडगोड चाललंय म्हणून थोडं आंबट. नेहमीच्यांचं सौजन्य नेहमीच्यांपुरतंच असतं! मी या मार्गावर नवीन होते तेव्हा रिकाम्या सीटवर पर्स ठेवलेली. "आमची मैत्रीण येतेय, पुढच्या थांब्यावर." मैत्रीण आली, धडधाकट, हसतखिदळत. शेजारी कडेवर बाळ घेतलेली बाई उभीच. आतल्या सगळ्यांना एकमेकींची दुखणी माहीत, हिच्याकडे बघायला कुणी नाही.

तिसरी सीट
@नवी प्रवासी, शंभर टक्के पटलं. आमच्या गटातही हे चालायचं. एक दिवस एका आजींनी ती पर्स उचलली, स्वतःच्या मांडीवर घेतली आणि ऐसपैस बसल्या. "ती आली की देते हो तिची." त्यानंतर जागा धरणं बरंच कमी झालं.

चालक
मी बस चालवतो. थांब्यावर गाडी किती वेळ खोळंबते ते बरंचसं दारावर ठरतं. आत मोकळं आणि दारात कोंडाळं असेल तर उतरणारा अडकतो आणि चढणाराही. धावत येणारा दिसला की नेहमीचे लोक एका सुरात "थांबा, थांबा" करतात. थांबतो की! पण गाडी रस्त्याला लागल्यावर मधेच उभी करता येत नाही, तेव्हा रागावू नका. वयस्कर माणूस चढला की मागून कुणीतरी "बसले, चला" म्हणतं, त्याचा फार उपयोग होतो. उभ्या गर्दीआड कोण बसलं, कोण अजून धडपडतंय, ते मला आरशात दिसत नाही.

कानात बोळे
मोबाईलचा स्पीकर. बाकी काही म्हणणं नाही.

तिसरी सीट
@कानात बोळे, आमच्या एक ताई गोड आवाजात विचारतात, "मधलं नीट ऐकू नाही आलं, परत लावता का?" लगेच बंद होतो.

गुडघा
तरुण दिसते, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. राखीव जागेवर बसले की नजरा झेलाव्या लागतात. आता ओळखीचे झालेत, तेच परस्पर सांगतात, "बसू दे, पाय दुखतो तिचा." मला दरवेळी स्पष्टीकरण द्यावं लागत नाही, हे जागेपेक्षा मोठं.

खिडकी
खिडकीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? खिडकी माझ्या शेजारी, पण वारा मागच्याच्या तोंडावर. म्हणून उघडण्याआधी मी मागे वळून विचारतो. मागचे म्हणतात चालेल. त्यांच्या मागचे म्हणतात अजिबात नाही. मग बोलणी सुरू होतात आणि तोवर माझा थांबा येतो.