मदत हवी आहे: ग्रुपवरचे राजकीय व्हिडिओ खरे की खोटे कसं शोधायचं?

मंडळी, निवडणूक जवळ आली की आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता धुरळा उडतो. काल काकांनी व्हिडिओ टाकला, म्हणे आपल्या तालुक्यात शेतकऱ्यांनी अमुक नेत्याला पळवून लावलं, आणि मागे बघावं तर दुकानांच्या पाट्या सगळ्या कन्नडमध्ये! पण तोवर निम्म्या ग्रुपचे अंगठे पडलेले, आत्याने तर मत कुणाला द्यायचं तेपण ठरवून टाकलं.

दोन बाणांची खूण असलेला (म्हणजे खूप वेळा फॉरवर्ड झालेला) मेसेज २०२० पासून एकावेळी एकाच चॅटला पाठवता येतो हे माहितीय, पण काका एकेकाला पाठवतात, रिटायर माणूस, वेळच वेळ. २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच माणसं मारली गेली, तरी आपण सुधरत नाय.

स्क्रीनशॉट गुगल लेन्सला (फोटोवरून शोधणारं गुगलचं अ‍ॅप) टाकला तर भलत्याच सभांचे फोटो येतात. मूळ व्हिडिओ कधीचा, कुठला हे शोधायची दुसरी काही पद्धत? वरून आवाज डब केलाय का ते कसं ओळखायचं? पीआयबी फॅक्ट चेक (केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाचा खरं-खोटं तपासणारा विभाग) फक्त केंद्र सरकारबद्दलचंच बघतं, मग असल्या लोकल गोष्टींचं मराठीत कोण तपासतं? इंग्रजी लिंक दिली की काका म्हणतात, हे तुझ्या पक्षवाल्यांचं. (माझा कुठला पक्ष ते मलाच कळलेलं नाही अजून.)