मदत हवी आहे: पावसाच्या आधी हरभरा काढून घ्यावा का? लवकर सांगा

बांधावरचा:
हवामान खात्याचा पिवळा अलर्ट आज आलाय. वादळी वारा, विजा, तुरळक ठिकाणी गारपीट. आमच्याकडं मराठवाड्यात हरभरा आहे. हार्वेस्टरवाला म्हणतो उद्या सकाळी येतो, नाहीतर आठवडाभर नाव काढू नका, आणि इसार आत्ताच टाका. एका ॲपवर पाऊस शून्य टक्के, दुसऱ्यावर ढगात वीज. गारा पडणार का नाही, एवढंच सांगा. ज्याला नक्की माहीत आहे त्यानेच लिहा.

गोदाकाठ:
मराठवाड्यात आठ जिल्हे आहेत. तुमचा कुठला, तालुका कुठला? आणि अलर्ट कोणत्या दिवसाचा?

बांधावरचा:
जालना. आजच आलाय म्हटलं ना.

गोदाकाठ:
आज आला हे कळलं. लागू कधी आहे? जिल्हानिहाय तक्त्यात पुढच्या दिवसांचे वेगळे रकाने असतात. पिवळा परवाच्या रकान्यात असेल तर उद्याची सकाळ मोकळी आहे. तालुका अजून सांगितला नाही.

मालदांडी:
तक्ते बघत बसाल तर माल जाईल. २०१४ आठवा. फेब्रुवारी सरता सरता गारपिटीचं जे सुरू झालं ते मार्चच्या मध्यापर्यंत चाललं. गहू, ज्वारी, द्राक्ष, मोसंबी, काही म्हणून ठेवलं नाही. जालन्याचे आहात तर ११ फेब्रुवारी २०१८ च्या गारा विसरला नसाल. मी तर ढग दिसला की काढणी लावतो. आमची ज्वारी पावसात सापडली की काळी पडते, मग व्यापारी हातात कणीस धरून तोंड वाकडं करतो.

ढगवेडा:
मालदांडी, ढग दिसला की काढणी लावायची तर मार्चभर रोजच लावावी लागेल :)
धागाकर्त्यासाठी: या दिवसांत उत्तरेकडून पश्चिमी चक्रावात जातो, वर थंड हवा येते. त्याच वेळी खालून बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून बाष्प आलं आणि दुपारी जमीन तापली की ढग उंच चढतो. शून्य अंशाची पातळी पावसाळ्यापेक्षा खाली असते, त्यामुळे गार वितळायच्या आत जमिनीवर येते. पण ती पट्ट्यात पडते. एका गावाचं शिवार झोडपलं जातं आणि ओढ्यापलीकडं थेंब नसतो. गावाचं नाव घेऊन आदल्या दिवशी गारा सांगणारा माणूस अजून जन्मला नाही. हवामान खात्याचा तीन तासांचा तात्काळ इशारा निघतो, दुपारी तो बघा. जोर बहुतेक वेळा दुपारनंतर ते रात्रीपर्यंत असतो.

केशर_आंबा:
आमच्या केशरला यंदा मोहोर छान आहे. पाऊस झाला तर उघडीप मिळताच करपा-भुरीसाठी फवारणी घ्या, थांबू नका. ढगाळ हवेत तुडतुडेही वाढतात.

बांधावरचा:
ताई, आंबा नाहीये आमच्याकडं.

पाहुणा_नांदेडचा:
आमच्या ग्रुपवर आलंय की यंदा मराठवाड्यात पाऊस आणि बर्फ एकत्र पडणार, हिमाचलसारखा. व्हिडिओ पण आहे, रस्ता पांढराशुभ्र.

ढगवेडा:
त्या गारा आहेत हो. पाऊस आणि बर्फ मिसळून पडायला जमिनीजवळची हवा शून्याच्या आसपास लागते. थंडीच्या लाटेत परभणीचा पारा एक अंकी होतो तेव्हा आकाश निरभ्र असतं. ढग आले की रात्रीचं तापमान उलट वाढतं. ग्रुप सोडा.

पाहुणा_नांदेडचा:
ग्रुप मेव्हण्याचा आहे, सोडता येत नाही.

वकीलसाहेब:
सगळं राहू द्या. नुकसान झालं की ७२ तासांत विमा कंपनीला कळवायचं, फोटो अक्षांश-रेखांशासह. हे आधी करा.

काळी_माती:
कुठल्या काळात आहात? २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीककापणी प्रयोगावर आणली, म्हणजे एकट्याच्या तक्रारीवर नाही, भागातल्या सरासरी उत्पादनावर, एक रुपयाचा विमाही बंद. रब्बीला आता दीड टक्का हप्ता भरावा लागतो. त्या ७२ तासांच्या तक्रारीवर आशा ठेवून लोक नंतर शिव्या देतात.

वकीलसाहेब:
मग काय गप्प बसायचं?

काळी_माती:
गप्प कशाला? तलाठी आणि कृषी सहायकाला कळवून पंचनामा करून घ्या. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर सरकारी मदत मिळते, ती विम्यापेक्षा वेगळी. फोटो काढाच, त्याला ना नाही.

गोदाकाठ:
दादा, तालुका राहू द्या. हरभरा उभा आहे की काढलेला? वाण कोणता? घाटे वाळलेत का?

बांधावरचा:
मी पुण्यात आहे, भावाला फोन केला. मंठा तालुका. जॅकी आहे. निम्मा मजुरांनी उपटलाय, तो तसाच रानात पसरून पडलाय. निम्मा उभा आहे, खालच्या वावरातला, त्यात हिरवे घाटे आहेत अजून. अलर्ट परवाचा आहे म्हणतो.

गोदाकाठ:
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! तुम्ही उभ्याची चिंता करताय आणि धोका पसरलेल्याला आहे. उभ्या पिकावर एखादी सर पडली आणि ऊन निघालं तर झाड वाऱ्यानं सुकतं. उपटलेला भिजला तर घाटे तडकतात, दाणा डागी होतो, झाकून ठेवला तर आतून वाफ धरतो. उद्या सकाळी दव उडालं की माणसं लावून सुडी घाला, म्हणजे एका जागी रचून गंज लावा, उंचवट्यावर, खाली जुना कडबा टाकून. भोवती चर काढा. ताडपत्री फक्त पावसापुरती. ऊन पडलं की लगेच उघडा. थ्रेशर मिळत असेल तर उद्याच दुपारी करून घ्या, मग सुडीची भानगडच नको.

मालदांडी:
आणि हार्वेस्टर? गारा पडल्या तर उभाही जाईल.

गोदाकाठ:
जाईल, नाकारत नाही. पण जॅकीला घाटे खालपर्यंत असतात. हार्वेस्टरचा पट्टा तिथवर जात नाही, मागं निम्मं रानात राहतं. यंत्रासाठी फुले विक्रमसारखा उंच वाण लागतो. त्यात हिरवे घाटे, म्हणजे दाणा फुटणार आणि ओलसर माल पोत्यात जाणार. मी तरी इसार टाकला नसता.

काळी_माती:
इथं मी मालदांडीच्या बाजूनं. चार दाणे सांडले तरी घरात आलेलं आपलं.

ढगवेडा:
एक राहिलंच. सुडी घालताना भावाच्या मोबाईलवर दामिनी ॲप ठेवा, आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेची सूचना येते. आभाळ गडगडलं की ताडपत्री तशीच सोडून घर गाठायचं. लिंबाखाली थांबायचं नाही.

बांधावरचा:
ठीक. हार्वेस्टरला नको कळवलं, तो बोलायचं ते बोलला. भावाला सुडीचं सांगितलं. थ्रेशर उद्या चारनंतर मिळतोय, तोवर ढग आले तर काय ते तिथंच ठरवतील. ताडपत्री जुनी आहे, भोकं पडलीत.

केशर_आंबा:
ताडपत्री घेणारच असाल तर किती जीएसएमची (चौरस मीटरला किती ग्रॅम) घेताय ते इथं लिहा. आम्हालाही घ्यायची आहे, दुकानदार दोनशेची म्हणून दीडशेची देतात.